सोन्याच्या नोटेवरची नेल्डा

१

लव्हार टटल सकाळी साडेनऊला दुकान उघडायचा आणि वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून उंबऱ्यात एक जांभळा दगड लावून ठेवायचा. मी आत जाऊन पर्स खुंटीला अडकवायची, पांढरे सुती हातमोजे घालायची आणि पूर्वेच्या खिडकीशी बसायची. नवरा गेल्यापासूनची आठ वर्षं माझी प्रत्येक सकाळ अशीच सुरू झाली. दुकानात खडे, दगडात उमटलेले प्राचीन किडे, जुनी नाणी असं बरंच काही होतं. त्या वसंतात त्यात आमच्या खोऱ्यापुरत्या चालणाऱ्या नोटांची भर पडली.

त्या नोटांत खरं सोनं असतं. दोन पारदर्शक पापुद्र्यांच्या मधे सोन्याचा एक थर, इतका पातळ की नोट उन्हासमोर धरली तर आरपार दिसतं. आणि ते पिवळं दिसत नाही, हिरवं दिसतं. तळ्याच्या तळाशी बसून वर बघावं तसं. आमच्या स्प्रिंग बेंड गावात मधवाले, टायरवाला आणि केस कापणारी नायला त्या नोटा घेत. बाकीच्या टपालानं लांबलांबच्या संग्राहकांकडे जात. माझं काम एवढंच, की एकेक नोट खिडकीसमोर धरायची, ओरखडा आहे का बघायचं, आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवायची.

नोटेवर एक बाई होती. कुरणात ठेवलेली जुनी पायपेटी, समोर डोंगर, आणि पेटी वाजवणारी पाठमोरी बाई, पाठीवर सरळ सोडलेली जाड वेणी. खाली लॅटिनमधे ‘एकोपा’ असा शब्द. ती बाई म्हणजे माझी धाकटी बहीण, नेल्डा.

आमच्या चर्चमधे नेल्डा चाळीस वर्षं ऑर्गन वाजवतेय. ऑर्गन असा ठेवलाय, की वाजवणाऱ्याची पाठ लोकांकडे. तिनं लग्न केलं नाही. मी विधवा झाल्यावर तिच्याच घरी राहायला गेले.

नोटेचं चित्र काढायला एक मुलगी शहरातून आली होती. नेल्डाला बघून ती म्हणाली, “मला यांचा चेहरा हवाय.”

नेल्डा लाजली. कानामागची बट सारखी करायला लागली. मी हसत म्हणाले, “अगं, पाठमोरीच काढ हिला. गावानं हिची पाठच बघितलीय. चेहरा काढलास तर ओळखणार कोण?”

सगळे हसले. नेल्डाही हसली, पण जरा उशिरानं.

२

ऑगस्टच्या शेवटी कारखान्याकडून नोटांचं नवं पाकीट आलं. चौथी की पाचवी नोट खिडकीसमोर धरली आणि माझा हात तसाच राहिला.

वेणीच्या शेजारी कान दिसत होता.

मी ती नोट खाली ठेवली, पहिल्या पाकिटातली एक काढली, शेजारी धरली. जुन्या नोटेत वेणी मधोमध, दोन्ही बाजूंना नुसते केस. नव्या नोटेत डोकं किंचित उजवीकडे कललेलं, आणि केसांतून निघालेला कान. छोटा, नीट कोरलेला.

“ब्रदर टटल, जरा इकडे या,” मी हाक मारली. आमच्या चर्चमधे सगळे एकमेकांना ब्रदर-सिस्टरच म्हणतात.

लव्हार चष्मा कपाळावरून खाली ओढत आला. “काय झालं, सिस्टर थोरा? ओरखडा?”

“कान.”

“कुणाचा कान?”

“नेल्डाचा. हा बघा.”

त्यानं नोट उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. “मला तर नेहमीचीच दिसतेय. तुम्ही सकाळी नाश्ता केलात का?”

“कारखान्यानं नवा साचा केला असेल.”

“नवा साचा करायला पैसे कोण देणार? तेही एका कानासाठी?” तो हसत मागच्या खोलीत गेला.

मी स्वतःशी कारणं मांडली. शाई थोडी सरकली असेल. सोन्याचा थर कुठे जाड, कुठे पातळ बसला असेल. डोळ्यांच्या डॉक्टरची भेट दोनदा चुकवली होती, ती आता ठरवून टाकायची. मग ती नोट पाकिटात सरकवून मी पुढची उचलली. तिच्यातही कान होता.

३

घरी गेले तेव्हा नेल्डा स्वयंपाकघरातल्या नळाशी उभी राहून पीच सोलत होती. गरम पाण्यातून काढलेले पीच, त्यांची साल हातात सहज सुटून यायची. ओट्यावर बरण्यांची रांग. सगळ्या घराला गोड, ओला वास.

“आलीस?” ती खिडकीकडे बघतच म्हणाली. “बिशपच्या बायकोनं अजून एक टोपली आणून टाकलीय. म्हणते, तुम्ही दोघीच तर आहात, वेळच वेळ तुमच्याकडे.”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, हो ना, मरायलासुद्धा आम्हाला भरपूर वेळ आहे.”

मी हसले. हातमोजे काढले तरी बोटांना सुताचा स्पर्श राहतो, तो झटकत खुर्चीवर बसले. “आज गंमत झाली. नव्या नोटेत तुझा कान दिसतोय.”

तिचा सोलणारा हात क्षणभर थांबला. “कुठला?”

“उजवा.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “तोच जरा बरा आहे.” आणि ती पुन्हा सोलायला लागली. खिडकीतून येणाऱ्या उन्हात तिच्या डोक्याची कड तेवढी उजळली होती.

४

सप्टेंबरात डॉक्टरनं डोळे तपासले. म्हणाला, या वयाला फार छान आहेत. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं.

पाकिटं येत राहिली. एका सकाळी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी प्रत्येक पाकिटातली एक नोट काढून काउंटरवर क्रमानं मांडली. डावीकडून उजवीकडे बघत गेलं, की बाई वळत होती. आधी कान. मग गालाची कड. सगळ्यात नव्या नोटेत पापणीचं टोक, आणि ओठांच्या कोपऱ्यापाशी काहीतरी, जे हसूही असेल किंवा बोलायला उघडलेलं तोंडही. बोटं मात्र पेटीवरच होती. डोंगर, कुरण, खालचा शब्द, सगळं जिथल्या तिथे.

लव्हार माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. मला त्याचा श्वास ऐकू आला.

“दिसतंय का आता?” मी विचारलं.

त्यानं सरळ कारखान्याला फोन लावला. मी त्याच्या बाजूचं तेवढं ऐकत होते. “एकच साचा? पहिल्यापासून?... नाही, तक्रार नाही. नाही, नाही, नोटा उत्तम आहेत.” फोन ठेवून तो पुन्हा काउंटरशी आला आणि शेवटच्या नोटेवर वाकला. तुसडा माणूस, पण त्याचा चेहरा लहान बाळाकडे बघावं तसा मऊ झाला होता.

“तुमची बहीण इतकी...” तो म्हणाला. “इतक्या वर्षांत कधी लक्षातच आलं नाही बघा.”

५

त्याच दुपारी घरी जाताना माझ्या मनात एक प्रश्न आला आणि मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. शेजारी टर्की कोंबड्या पाळलेल्या लांबलचक शेडमधून त्यांचा गलका येत होता. मी तो ऐकत बसले.

नेल्डाचा चेहरा मी शेवटचा कधी बघितला होता?

सकाळी ती नळाशी असते. मी निघते तेव्हा अंगणात गुलाबांच्या झाडांवर वाकलेली असते. जेवताना खिडकीकडच्या खुर्चीत बसते, पक्षी बघते. गाडीत बाजूच्या काचेतून बाहेर बघते. रविवारी ऑर्गनवर. प्रत्येक वेळी कारण अगदी साधं. आम्ही बोलत होतो, थट्टा करत होतो, मीठ द्या-घ्या चाललं होतं. बहिणीबहिणींत कोण एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसतं?

घरी पोचल्यावर मी सरळ जाऊन तिच्या समोर उभं राहायचं ठरवलं. ती कपडे वाळत घालत होती. मी दोरीच्या त्या बाजूला गेले. मधे चादर होती. चादर बाजूला केली, तर ती टोपलीतले चिमटे घ्यायला वळलेली.

“नेल्डा, जरा बघ माझ्याकडे.”

“थांब गं, हात ओले आहेत.”

“बघायला हात कशाला लागतात?”

ती हसली. तिचं हसू मी कुठेही ओळखीन. आधी नाकातून एक फुसकारा, मग हसू. “आज काय झालंय तुला?” असं म्हणत ती टोपली उचलून आत निघाली. मी मागोमाग. दारातून आत जाताना, जिन्यापाशी, दिवाणखान्यात, मी तिच्या मागेच राहिले. भरभर चालले तरी मागेच.

दिवाणखान्याच्या भिंतीवर आमचे फोटो आहेत. मी ते जवळ जाऊन बघितले. माझ्या लग्नात नेल्डा केककडे वळलेली. आईच्या वाढदिवसाला कुणाच्या तरी बाळावर वाकलेली. तळ्याकाठी, सगळे हसतायत, ती पाण्याकडे बघतेय. हे फोटो असेच होते का? असतीलही. कितीएक वर्षं मी त्यांवरची धूळ पुसतेय. पण पुसताना बघतं कोण?

६

शनिवारी नेल्डाला केसांचं टोक कापून घ्यायचं होतं. मीही गेले. माझा हिशोब सोपा होता: नायलाच्या दुकानात खुर्चीसमोर भला मोठा आरसा आहे.

मी मागच्या बाकावर बसले. नायलानं नेल्डाच्या गळ्याभोवती कापड बांधलं, तिचे केस पुढे घेतले आणि खुर्ची आणि आरसा यांच्या मधे उभी राहिली ती हललीच नाही. मी डावीकडे सरकले. आरशात खिडकीतलं ऊन भरून आलं होतं, पांढरं, डोळे दिपवणारं. मी उजवीकडे सरकले. नायलाची कोपरं, फवारणीची बाटली, कंगवे. आणि नायला मात्र सरळ समोर, नेल्डाच्या तोंडाकडे बघून गप्पा मारत होती. मुलीच्या बाळंतपणाचं, नव्या शेजाऱ्याच्या कुत्र्याचं.

बोलता बोलता तिची कात्री थांबली.

“अगं बाई,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “सिस्टर नेल्डा, रडू नका ना.”

मी उठून उभी राहिले. नेल्डाची पाठ एकदम ताठ, खांदे स्थिर. नायलानं कापडाच्या टोकानं तिचे डोळे टिपले, अगदी हळुवारपणे. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. नायलाला मी ती पाळण्यात होती तेव्हापासून ओळखते. तिनं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

“तुम्ही काय बोललात यांना?” तिनं विचारलं.

“मी? काही नाही,” मी म्हणाले. “मी तर इथे बसलेय.”

“तेच ना,” नायला म्हणाली आणि पुन्हा कात्री चालवायला लागली.

७

ऑक्टोबरात डोंगरावरची झाडं पिवळी झाली. आमच्याकडे ते चार-सहा दिवस सगळी हवाच सोनेरी होते. माणसं हळू बोलतात, गाड्या हळू चालवतात. अशा एका सकाळी दुकानात गेले तर जांभळा दगड दाराशी नव्हता आणि दार वाऱ्यानं मागे-पुढे होत होतं. लव्हार माझ्या खिडकीत बसला होता. समोर नवं पाकीट फोडलेलं.

“पूर्ण वळली,” तो म्हणाला.

“काय?”

“बघा ना.” त्याचे डोळे भरून आले होते. “माझी आई गेली तेव्हा मी फौजेत होतो. कुणाला सांगितलं नाही कधी, पण यांच्याकडे बघितलं की वाटतं, यांना ते ठाऊक आहे. यांनी ते केव्हाच माफ केलंय.”

मी हातमोजे न घालताच नोट उचलली आणि उन्हासमोर धरली.

हिरवा उजेड. कुरण, डोंगर, पायपेटी. पाठमोरी बाई. पाठीवर मधोमध सरळ सोडलेली जाड वेणी.

दुसरी नोट बघितली. तिसरी. मग कपाट उघडून जुनी पाकिटं काढली. जिच्यात कान होता ती, जिच्यात पापणी होती ती. सगळ्यांत वेणी मधोमध. कान कुठेच नाही.

“ब्रदर टटल, मस्करी करताय का माझी?”

“कसली मस्करी?”

“ही पाठमोरीच आहे.”

लव्हारनं माझ्या हातातली नोट काढून घेतली. रागानं नाही, लहान मुलाच्या हातून काचेची वस्तू घ्यावी तशी. “सिस्टर थोरा,” तो म्हणाला, “तुम्ही घरी जा. आज जरा तिच्याजवळ बसा.”

८

नेल्डा पियानोवर बसली होती. दुपारचे दोन वाजले असतील. घरात सकाळी उकळून बंद केलेल्या बरण्यांची झाकणं थंड होताना मधूनच टक् टक् आवाज करत होती. ती रविवारची गाणी बसवत होती, एकच ओळ पुन्हा पुन्हा.

मी मागे उभी राहिले. “नेल्डा, मला तुला बघायचंय.”

ती वाजवत राहिली. “का?”

“कारण सगळ्यांना दिसतेस.”

“तुला माझा चेहरा आठवतो का, थोरा?”

“असं काय विचारतेस? बहीण आहेस तू माझी.”

“मग सांग की.”

मी तोंड उघडलं. तिचे डोळे तपकिरी. की करडे? आईचे करडे होते. नाक आमचं सगळ्यांचं सारखंच, म्हणजे माझ्यासारखं. हनुवटी... मी शब्द मनात गोळा करत होते आणि तिथे चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड होता, केसांच्या कडेनं येणारा.

पियानो थांबला.

“त्या चित्रकार मुलीनं विचारलं ना,” नेल्डा म्हणाली, “त्या दिवशी सकाळी मी अर्धा तास आरशासमोर होते. निळा गळपट्टा बांधला होता. तू बघितलासही नाहीस.”

“मी थट्टा केली गं.”

“माहितेय मला. तू काही दुष्ट नाहीस.” तिच्या आवाजात खरंच राग नव्हता, आणि त्यानं मला जास्त भीती वाटली. “तू फक्त बघितलं नाहीस.”

मी पुढे झाले आणि लहानपणी मागून येऊन डोळे झाकायचो तसे दोन्ही तळवे तिच्या चेहऱ्यावर ठेवले. चेहरा होता. कपाळ, भुवया, ओले गाल, नाक. ऊबदार, माणसाचा चेहरा. मला हायसं वाटलं. मी बोटं खाली नेली, तिच्या ओठांवर.

“थोरा,” नेल्डा म्हणाली, “किती गार हात आहेत तुझे.”

ती बोलत होती आणि माझ्या बोटांखाली ओठ मिटलेले होते. घट्ट, शांत मिटलेले. जराही हलले नाहीत.

“अगं, रडतेस काय,” आवाज म्हणाला, खोलीतच कुठूनतरी, अगदी मायेनं. “मी आहे ना. इकडे बघ.”

मी हात काढून घेतले. खोलीभर नजर फिरवली. पडदे, फोटो, बरण्या. ‘इकडे’ म्हणजे कुठे ते मला कळलं नाही. समोर तिची वेणी होती, आणि तिनं पुन्हा ती ओळ वाजवायला घेतली.

९

त्यानंतर मी दुकानात गेले नाही. लव्हारनंही विचारलं नाही. आम्ही दोघी पूर्वीसारख्याच राहतो. ती नळाशी, मी टेबलाशी. बिशपच्या बायकोच्या टोपल्यांवरून हसतो. कधी कधी बोलताना मी गप्प होते, तेव्हा तीही गप्प होते, आणि वाटतं की ती थांबलीय. कशासाठी ते मी विचारत नाही.

गेल्या रविवारी चर्च भरलं होतं. मी नेहमीच्या, तिसऱ्या रांगेत बसले. शेजारी नायला येऊन बसली, मागे लव्हार. नेल्डा ऑर्गनवर. प्रार्थना झाली, पहिलं गाणं सुरू झालं, आणि सवयीनं मी गाण्यांच्या पुस्तकात डोकं घातलं. थोड्या वेळानं मला जाणवलं, की माझ्या आजूबाजूला कुणाचंच पुस्तक उघडलेलं नाही.

मी वर बघितलं. मधवाले नवरा-बायको, टायरवाला, बिशप, त्याची बायको, म्हातारे, लहान मुलं, सगळे गात होते आणि सगळे ऑर्गनकडे बघत होते. खूप दिवसांनी घरी आलेल्या माणसाकडे बघावं तसे. मुलं हात हलवत होती. लव्हारचे गाल भिजले होते. कुणाच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं, नुसता आनंद होता.

मीही बघितलं. निळा गळपट्टा, वेणी, वाजवणारे दोन खांदे.

नायला माझ्या कानाशी वाकली. तिचा राग गेला होता. तिनं माझा हात हातात घेतला.

“किती छान दिसतेय ना आज,” ती कुजबुजली. “आणि बघा तरी, मघापासून एकटक तुमच्याकडेच बघतेय.”

मी पुस्तक मिटलं. पाठीवर सरळ सोडलेल्या त्या वेणीकडे बघून मी हसले, आणि तिला दिसावं म्हणून मान हलवली.